बांध राखणारी माणसे

बीजिंगच्या दक्षिणेला हेबेई प्रांतात शिरले की सपाट मैदान सुरू होते आणि तासन्‌तास ते बदलत नाही. रस्त्याच्या दुतर्फा पॉप्लरच्या सरळ रांगा, त्यांच्यामागे हंगामाप्रमाणे गहू किंवा मका, आणि मधून मधून विटांच्या उंच भिंतींची गावे. घराचे तोंड आतल्या अंगणाकडे असते; बाहेरून दिसते ते लोखंडी दार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नववर्षाला चिकटवलेले लाल कागद. मका निघाला की कणसे धाब्यावर, ओट्यावर, गावच्या रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत पडतात आणि वाहने निमूट वळसा घालून जातात. मराठवाड्यातल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. परके वाटते ते शेत. आपल्याकडे बांधावर बोरी-बाभळी असतात, गवत असते, पिढ्यांची भाऊबंदकी असते. इथे दोन घरांच्या पट्ट्यांमध्ये जेमतेम पाऊलभर रुंदीचा उंचवटा दिसतो. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची आणि कसण्याचा हक्क घराचा, ही व्यवस्था १९७८ नंतर सामुदायिक शेती मोडताना आली. चांगली, मध्यम आणि हलकी अशा प्रत्येक प्रतीची जमीन सगळ्यांना मिळावी म्हणून वाटणीत बारीक पट्ट्या पाडल्या गेल्या. त्यामुळे एका घराकडे अर्धा-पाऊण हेक्टर जमीन असते आणि तीही अनेक तुकड्यांत विखुरलेली असते.

चीनमधल्या शाश्वत शेतीच्या प्रकल्पांची जगभर वाखाणणी होते आणि ती बरीचशी रास्त आहे. पण त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात हेक्टर, टन, टक्के आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई भरपूर असते. माणसे मात्र बहुधा ‘लाभार्थी’ या एका रकान्यात मावतात. हेबेईपासून सुरू होणाऱ्या या मार्गावरून जाताना मला दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. रासायनिक खत, कीटकनाशक आणि यंत्र यांनी शेतीत माणसाचा वेळ वाचवला. ती कमी करायची, उतारावरची नांगरट थांबवायची, पाणी जपायचे, म्हणजे त्यांच्या जागी पुन्हा कोणाचा तरी वेळ आणि कोणाचे तरी लक्ष घालावे लागते. तो वेळ कोणाचा, त्याचा मोबदला कोणाला आणि हे ठरवले कोणी, हे कळल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम झाला ते सांगता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. सरासरी उत्पन्न वाढल्याचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ज्या घरातला मुलगा शहरात बांधकामावर गेला आणि ज्या घरातली आजी पाठीवर चारा आणू लागली, त्या एकाच घराचे उत्पन्न वाढलेले असू शकते.

हेबेईची राजधानी शिजियाझुआंग. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. येनानमार्गे ते याच प्रांताच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात आले, चिनी भाषा शिकले, चिनी परिचारिकेशी लग्न करून तिथल्या खेड्यांत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. मराठी वाचकाला चीनच्या या भागाशी जोडणारा हा खरा धागा. त्यांच्या कामाचा एक गुण पुढच्या मुक्कामाला फार उपयोगी पडतो: ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांच्या गावात राहायचे.

कारण शिजियाझुआंगच्या दक्षिणेला छूझोऊ नावाचा तालुका आहे आणि तिथे जे घडले ते नेमके राहण्यामुळे घडले. १९७३ साली बीजिंगच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ इथे आले तेव्हा ही जमीन खारवट होती. वसंतात पृष्ठभागावर क्षार वर येऊन शेते पांढरी पडत. चर खणून आणि विहिरींचे पाणी वापरून क्षार धुऊन काढण्यात बरीच वर्षे गेली. पुढे २००९ साली चीनच्या कृषी विद्यापीठातले प्राध्यापक झांग फूसुओ यांच्या गटाने याच तालुक्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना थेट गावात राहायला पाठवले. अशा ठिकाणांना ‘विज्ञान-तंत्रज्ञान अंगण’ म्हणतात. विद्यार्थी शेतकऱ्याच्या शेजारी घर घेऊन राहतात, त्याच्याच शेतात प्रयोग लावतात, रात्री शेतीशाळा भरवतात. ‘नेचर’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढाकार घेणाऱ्या ७१ शेतकऱ्यांचे उत्पादन पाच वर्षांत शक्य कमाल उत्पादनाच्या ६७.९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेले. ९३ हजारांहून अधिक घरांच्या अख्ख्या तालुक्याचे ६२.८ वरून ७९.६ टक्क्यांवर गेले. हे आकडे पिकाचे आहेत, पण त्यांच्यामागचे कारण सामाजिक आहे. शेतकरी जास्त नत्र टाकत होते ते केवळ अडाणीपणाने नव्हे. घरातली कर्ती माणसे शहरात, खत स्वस्त, आणि तीन हप्त्यांत मोजून खत देण्यापेक्षा एकदाच सढळ हाताने फेकणे कमी वेळाचे. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. विद्यार्थ्यांनी सल्ल्यासोबत आपला वेळही दिला. शेजारच्यांचे तुकडे एकत्र धरून पेरणी करणे, मातीचे नमुने घेणे, पाण्याची पाळी जुळवणे, ही कामे एकट्या घराला जड होती, ती वाटली गेली.

या मैदानाचे जेवणही वेळेचा हिशेब सांगते. मानतोऊ हा वाफवलेला मऊ पाव, गव्हाचे जाड नूडल्स, कोबी, लसूण, कच्चा कांदापात आणि काळे व्हिनेगर. भाकरीसारखे ते दर जेवणाला ताजे थापावे लागत नाहीत, मानतोऊ एकदाच ढिगाने वाफवून ठेवता येतात. शेतावर राहिलेल्या वयस्क बायकांच्या दिवसाला ते सोयीचे आहे. कारण इथल्या पट्ट्या आता मुख्यतः त्यांच्या आणि म्हाताऱ्या पुरुषांच्या हाती आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो चीनमध्ये मोठमोठी माणसे घेतात: एवढ्या बारीक पट्ट्या आणि एवढी म्हातारी माणसे यांच्या भरवशावर शाश्वत शेती कशी होणार? जमीन एकत्र करा, कंपनीला किंवा मोठ्या शेतकऱ्याला कसायला द्या, ते नीट मोजूनमापून खत घालतील. हे होतही आहे. २०१६ सालापर्यंत घरांना करारावर मिळालेल्या शेतजमिनीपैकी एक तृतीयांशाहून अधिक जमीन दुसऱ्याच्या कसणुकीत गेली होती. भाडे मिळते, शहरातल्या मुलाला गावाकडच्या पेरणीची काळजी राहत नाही, हा फायदा खराच. पण छोट्या शेतकऱ्याला ते जमणारच नाही, हे म्हणणे पुराव्याला धरून नाही. २००५ ते २०१५ या काळात देशभर सुमारे २ कोटी ९ लाख छोट्या शेतकऱ्यांबरोबर झालेल्या कामात गहू, मका आणि भाताचे उत्पादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढले आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्क्यांनी उतरला. हे काम ३ कोटी ७७ लाख हेक्टरांवरचे होते, महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाहून मोठ्या. अडचण पट्टीच्या आकाराची असती तर हे झाले नसते. अडचण शेजारी कोणी नसण्याची होती. जमीन कंपनीकडे गेली की तीच आजी आपल्याच शेतात रोजंदारीवर तण काढायला जाते. खत कमी पडते हे खरे, पण कोणत्या दिवशी काय पेरायचे हे विचारायला तिच्याकडे कोणी येत नाही. तिचे उत्पन्न मोजणारा आणि तिचे गावातले स्थान मोजणारा, या दोघांच्या वहीत दोन वेगळ्या नोंदी होतील, आणि मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते.

मैदानातून पश्चिमेला, येनान ज्यात येते त्या शानशी प्रांताच्या उत्तर भागात गेले की जमीन अचानक उभी राहते. पिवळी, मऊ, वाऱ्याने लाखो वर्षे वाहून आणलेली माती. तिला पाण्याने कापून केलेल्या घळी. घळीच्या भिंतीत कोरलेली कमानदार घरे. या घरांना याओदोंग म्हणतात. आत चुलीला लागून मातीचा रुंद ओटा असतो, चुलीचा धूर आणि ऊब त्याच्या पोटातून जाते आणि हिवाळ्यात घरादाराचे बसणे, जेवणे, झोपणे त्याच ओट्यावर होते. खिडकीच्या कागदावर लाल कागदाची कातरणे. ताटात राळ्याची पेज, बकव्हीटचे काळपट नूडल्स, किसलेल्या बटाट्याला पीठ लावून वाफवलेले पदार्थ, लाल खजुरासारखी बोरे, आणि सणावाराला मटण. राळा आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेला. इथे तो बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आवर्जून देतात. पाहुण्याचे स्वागत ओट्यावर सरकून जागा देऊन होते, आणि जेवायला बसवल्यावर नको म्हणण्याला फारसा वाव नसतो. त्या बाबतीत हा भाग विदर्भाच्या जवळचा आहे.

याच मातीने पीत नदीला नाव दिले आणि पुरांचे दुःखही दिले. विसाव्या शतकाच्या मध्याला ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. अलीकडच्या काळात तो सुमारे २० कोटी टनांवर आला. यामागे पायऱ्यांची शेते आहेत, घळीत बांधलेले गाळ अडवणारे बांध आहेत, धरणे आहेत आणि झाडोराही आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ पासून दोन टप्प्यांत झालेल्या प्रकल्पाने चार प्रांतांत सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटरवर काम केले आणि २५ लाखांहून अधिक लोक गरिबीतून बाहेर आल्याचे बँक सांगते. उताराची नांगरट सोडून सपाट पायऱ्यांवर पिके घेतली, गाळाच्या बांधामागे साचलेल्या ओल्या मातीत मका उभा राहिला, आणि कमी जमिनीत घराची भूक भागू लागली. हे यश नाकारणे अन्यायाचे होईल. एकदा त्या दऱ्यांकडे पाहिले की उभ्या उतारावर राळा पेरणाऱ्या माणसाला आणखी किती वर्षे ते जमले असते, हा प्रश्न उरत नाही.

पण १९९८ साली यांगत्से नदीला आलेल्या महापुरानंतर जी मोठी योजना आली, तिचा हिशेब इतका सरळ नाही. २५ अंशांहून जास्त उताराची शेते सोडून द्यायची, तिथे झाडे किंवा गवत लावायचे, आणि त्याबदल्यात सरकारने धान्य आणि रोख द्यायची. पीत नदीच्या खोऱ्यात हा दर एकराला साधारण सहाशे किलो धान्य आणि वर तुटपुंजी रोख रक्कम असा पडत होता. उताराच्या शेतात पुष्कळदा यापेक्षा कमीच पिकत असे. जंगली झाडे लावली तर आठ वर्षे, फळझाडे लावली तर पाच वर्षे, गवत लावले तर दोन वर्षे. पुढे धान्याऐवजी रोख आली, मुदतही वाढली, आणि तीन कोटींहून अधिक घरे या योजनेत आली. येनानच्या वायव्येला वूची तालुक्याने तर १९९९ साली एकाच फटक्यात सुमारे एक लाख हेक्टर उतार सोडला आणि त्याच्या आधीच्या वर्षापासून उघड्या चराईवर बंदी आणली. मेंढ्या-शेळ्यांसाठी गाजलेला हा मुलूख. डोंगरावर गाणारा धनगर ही इथल्या लोकगीतांची मूर्तीच. एका आदेशाने शेळ्या गोठ्यात आल्या.

शेळी गोठ्यात आली की काय होते, हे अहवालात शोधावे लागते. डोंगरावर चरणारी शेळी एका माणसाचा दिवस घेते, आणि तो माणूस बहुधा म्हातारा किंवा पोर असतो. गोठ्यातल्या शेळीला चारा कापून आणावा लागतो, पाणी पाजावे लागते, हिवाळ्यासाठी गवत साठवावे लागते, आणि हे काम घरी राहणाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी बाईच्या अंगावर येते. ज्यांना चाऱ्यासाठी जमीन आणि शेळ्यांची जात बदलायला भांडवल होते, त्यांनी थोडी पण चांगली जनावरे ठेवली. ज्यांना नव्हते त्यांनी शेळ्या विकल्या आणि शहराची वाट धरली. योजनेचे कागद सहभाग ऐच्छिक असल्याचे सांगतात, पण गावाला वरून कोटा येतो तेव्हा एका डोंगराची एक बाजू सोडायची ठरते आणि तिथे ज्याची पट्टी आहे त्याला वेगळे मत असायला जागा कमी असते. कोणती झाडे लावायची हेही बव्हंशी वरून ठरले. पाचातली चार जंगली असावीत असा नियम होता, आणि शेतकऱ्याला सफरचंद हवे होते.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणतात, हिवरे बाजारचा इथे आठव होणे अपरिहार्य आहे. तिथेही चराईबंदी झाली, कुऱ्हाडबंदी झाली, आणि शेळ्या पाळणाऱ्याला त्याची किंमत तिथेही मोजावी लागली. फरक एवढाच की ती बंदी ग्रामसभेत ठरली. ज्याची शेळी होती तो त्या सभेत होता आणि पुढच्या सभेत पुन्हा बोलू शकत होता. हा फरक लहान नाही. गवत दोन्हीकडे वाढले. पण गवत कापून न्यायचे कोणी, किती, कोणत्या दराने, हे हिवरे बाजारला गाव ठरवत गेले, आणि म्हणून ती बंदी गावाची राहिली.

यावर येनानमध्येच मिळणारे उत्तर ऐकण्यासारखे आहे. गाळ हा एका गावाचा प्रश्न नव्हताच. वूचीच्या डोंगरावरची माती शेकडो मैल खाली नदीचे पात्र उंचावत होती आणि तिथल्या कोट्यवधी लोकांच्या डोक्यावर पूर टांगलेला होता. अशा वेळी हजारो ग्रामसभांची वाट पाहणे म्हणजे खालच्यांवर अन्याय. मला हे म्हणणे मान्य आहे. थांबवण्याचा आदेश वरून येणे समजण्यासारखे आहे. पण काय लावायचे, चारा कसा वाटायचा, मुदत संपल्यावर काय, हे तर नदीच्या खालच्या लोकांचे प्रश्न नव्हते. ते वरच का ठरले? आणि त्याची किंमत मातीनेही मोजली. ‘नेचर क्लायमेट चेंज’मधल्या २०१६ सालच्या अभ्यासाने दाखवले की या पठारावरची नवी झाडी तिथल्या पाण्याच्या मर्यादेला जवळजवळ पोहोचली आहे, आणखी झाडे लावली तर माणसांच्या वाट्याचे पाणी कमी पडेल. कमी पावसाच्या जागी गवत आणि झुडपे टिकतात, पाणी पिणारी झाडे टिकत नाहीत, हे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या चारणारा माणूस सांगू शकला असता. येनानच्या दक्षिणेला लुओचुआनच्या सफरचंदाच्या बागांतही हाच ताण आहे. तिथे पैसा आहे, घरे पक्की झाली आहेत, पण प्रत्येक फळाला उन्हाळ्यात कागदी पिशवी घालायची आणि शरदात ती काढायची. हे हाताचेच काम, आणि ते हात आता पन्नाशी-साठीचे आहेत.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. मुले गावातून गेली, याला नुकसान का म्हणायचे? उतार सोडल्यामुळेच ती मोकळी झाली. शहरातल्या चार महिन्यांच्या मजुरीत ती डोंगरावरच्या वर्षाच्या कमाईहून अधिक घरी पाठवतात. मीही त्यांना कष्टाच्या शेतीला बांधून ठेवा असे म्हणणार नाही. पण शहर त्यांना पुरते घेत नाही. सरकारी रहिवासी-नोंदणी गावची असल्यामुळे मुलांची शाळा, दवाखाना, म्हातारपण यांचा हिशेब शेवटी गावाकडेच येतो. मग ज्या गावाकडे परतायचे, तिथे त्यांच्या हक्काची जमीन आणि बोलण्याची जागा शिल्लक आहे का, हे प्रकल्पाच्या मूल्यमापनात आलेच पाहिजे.

उत्तरेची कोरडी पिवळी माती सोडून युनान प्रांतात उतरले की तांबड्या मातीत भात दिसू लागतो. जियानश्वी हे जुन्या वेशींचे, विहिरींचे गाव. विहिरीच्या पाण्यावर इथले टोफू प्रसिद्ध आहे. संध्याकाळी लोक लोखंडी जाळीभोवती बुटक्या स्टुलांवर बसतात, विक्रेता चौकोनी तुकडे परतत राहतो, आणि कोणी किती खाल्ले याची मोजदाद मक्याच्या दाण्यांनी होते. एक तुकडा उचलला की एक दाणा बाजूला. शेवटी दाणे मोजून पैसे. खाणाऱ्याला आकडा सांगावा लागत नाही आणि वादही होत नाही. याच तालुक्यात आणि शेजारच्या शिपिंगमध्ये १९९८-९९ साली भातावरच्या करप्याचा एक मोठा प्रयोग झाला. सणासुदीला लागणारा चिकट तांदूळ करप्याला लवकर बळी पडतो, म्हणून त्यावर वारंवार औषध फवारावे लागे. काही शेतकरी संकरित भाताच्या ओळींमध्ये चिकट भाताची एखादी ओळ लावत. झू यूयोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत हजारो हेक्टरांवर तपासली. मिश्र लागवडीत चिकट तांदळावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचे उत्पादन एकट्याच्या लागवडीपेक्षा ८९ टक्क्यांनी जास्त आले. दोन वर्षांत बुरशीनाशकाची गरज राहिली नाही. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की शास्त्राने गावातल्या सवयीला परीक्षेला बसवले आणि ती पास झाल्यावर तिचेच नाव राखले. शेतकऱ्यांनी ती झपाट्याने उचलली, कारण चिकट तांदळाला भाव चांगला आणि घरच्या सणाला तो हवाच. पण ओळी हाताने लावायच्या, दोन भात वेगळे कापायचे. यंत्राला हे जमत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, हात कोणाचे?

तो प्रश्न युनानमधल्याच युआनयांगच्या डोंगरात सर्वांत उघड दिसतो. हानी नावाच्या जमातीची पायऱ्यांची भातखाचरे शेकडो मीटर खाली उतरत जातात. वर जंगल, त्याखाली गाव, गावाखाली खाचरे, तळाला नदी. जंगलातले पाणी गावातून खाचरांत येते आणि वाटेत शेणखत घेऊन येते. कापणीनंतरही खाचरे वर्षभर पाण्याने भरलेली ठेवतात. त्यात बदके, मासे, आणि लाल तांदूळ. बाजाराच्या दिवशी निळीत रंगवलेल्या कपड्यांतल्या बायका टोपल्यांत बदकांची अंडी घेऊन येतात. जेवणात लाल भाताबरोबर तिखट, आंबूस चटणी आणि कुजवलेल्या सोयाबीनचा उग्र वास असलेला पदार्थ हवाच. जेवताना वडीलधाऱ्यांची जागा ठरलेली असते. पाणीवाटपही ठरलेले आहे: पाटाच्या तोंडाला खाचा पाडलेला लाकडी ओंडका बसवतात, आणि ज्या खाचेची रुंदी जेवढी तेवढे पाणी त्या बाजूला. पाट राखणारा माणूस गाव नेमते आणि त्याला धान्यात मोबदला मिळतो. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत पाटकऱ्याचे हेच काम होते आणि त्यालाही मोबदला धान्यातच मिळे. दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न पाहता एकच रीत काढली, कारण पाणी समान वाटायचे तर वाटणारा सगळ्यांचा नोकर असावा लागतो.

२०१३ साली या खाचरांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साडेसोळा हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्र त्यात आहे. पहाटेच्या उजेडात चमकणाऱ्या पाण्याचे फोटो काढायला हजारो लोक येऊ लागले, आणि त्याच काळात तरुण मंडळी कुनमिंगला आणि ग्वांगडोंगच्या कारखान्यांत जात राहिली. एका घराने खाचर कोरडे पडू दिले की तडे जातात, उंदीर-खेकड्यांची बिळे मोठी होतात, आणि पुढच्या पावसात बांध ढासळून खालच्या शेजाऱ्याच्या खाचरावर येतो. इथे एका घराची अनुपस्थिती शेजाऱ्याच्या पोटावर येते. तिकिटाचे पैसे मात्र वर घाटमाथ्यावरच्या सज्जांवर, हॉटेलांत आणि बाहेरच्यांच्या खिशात जमू लागले.

म्हणून अझेके या छोट्या हानी गावात २०१८ साली सुन यत्‌-सेन विद्यापीठातले प्राध्यापक बाओ जिगांग यांच्या गटाने आखलेली योजना मला या संपूर्ण प्रवासातली सर्वांत विचारी वाटते. मातीच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली घरे तशीच ठेवायची, बाहेरच्याला विकायची किंवा भाड्याने द्यायची नाहीत. पर्यटनाचे उत्पन्न गावच्या सामूहिक कंपनीत जमा होते; त्यातले ३० टक्के कंपनीकडे राहते आणि ७० टक्के घरांत वाटले जाते. वाटणीचे निकष चार: जुने घर जपणे, खाचर कसत राहणे, गावात राहणे आणि गावची नोंदणी असणे. पहिल्या दोहोंना मोठा वाटा, नोंदणीला सर्वांत लहान. मी जो प्रश्न घेऊन निघालो त्याचे उत्तर या चार निकषांत आहे. गाव म्हणजे काय, कोणत्या कामावर ते उभे आहे आणि त्या कामाचे मोल काय, हे इथे उघडपणे लिहिले गेले. जो राहतो आणि पाणी राखतो त्याला अधिक, जो दूर आहे त्यालाही काही. आक्षेप घ्यायला जागा आहे. सूत्र विद्यापीठाने आणले. घरात खाणावळ किंवा खोल्या काढण्याची मोकळीक उरली नाही. पर्यटक थांबले तर वाटायला काही नाही, हे २०२० सालच्या साथीने सगळ्या जगाला दाखवले. शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. पण पहिल्याला उत्तर आहे. सूत्र कोणी आणले यापेक्षा ते प्रत्येक घराला वाचता येते का, आपला वाटा का कमी आला हे विचारता येते का, हे महत्त्वाचे. जियानश्वीच्या टोफूवाल्याचे दाणे असे सर्वांसमोर मोजले जातात. वूचीच्या डोंगरावर कोणती बाजू सोडायची याचा असा उघड हिशेब नव्हता.

प्रवासाचे शेवटचे टोक पूर्वेला झेजियांगमध्ये चिंगत्यान तालुका. ओऊ नदीच्या काठावरचे हे शहर पाहून गोंधळायला होते, कारण इथे रस्त्यारस्त्यावर कॉफीची दुकाने आहेत, स्पेनचे हॅम आणि इटलीची वाइन किराणामालाच्या दुकानात मिळते, आणि म्हाताऱ्या बायका सकाळी कडक एस्प्रेसो पितात. तालुक्याच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक भरतील इतके इथले लोक परदेशी आहेत, मुख्यतः स्पेन आणि इटलीत. शहराच्या वर डोंगरात लाँगश्यान गाव आहे, भाताच्या खाचरात लाल मासे वाढवण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध. या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ साली वारसा शेतीच्या पहिल्या निवडक ठिकाणांत घेतले. मासे तण आणि किडी खातात, त्यांची विष्ठा भाताला खत होते. शास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या अभ्यासात भाताचे उत्पादन एकट्या भाताइतकेच आले, पण कीटकनाशक ६८ टक्के आणि खत २४ टक्के कमी लागले. माशाचे खवले इतके मऊ की ते न काढताच शिजवतात. मुलीला सासरी पाठवताना माशाची पिले देण्याची रीत होती, आणि वाळवलेले मासे आजही परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात जातात.

ते ६८ आणि २४ टक्के कोणाच्या तरी पाळतीवर उभे आहेत. बांधातले भोक बुजवणे, बगळ्यांवर लक्ष ठेवणे, वादळी रात्री पाणी वर येऊन मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडवा पाहणे. हे काम गावात मागे राहिलेली म्हातारी माणसे करतात, आणि काही ठिकाणी परदेशातून परतलेले लोक शेजाऱ्यांची खाचरे भाड्याने घेऊन मोठ्या प्रमाणात करू लागले आहेत. वारशाचा शिक्का लागल्यावर माशाला आणि तांदळाला भाव मिळाला, हे प्रकल्पाचे श्रेय. तरीही इथल्या सामाजिक परिणामाची पाहणी करणारा प्रश्नावली घेऊन गावात जातो आणि जी घरे उघडी दिसतात त्यांनाच विचारतो. ज्यांच्या नावावर कसण्याचा हक्क आहे, ज्यांच्या पैशातून गावातली घरे उभी आहेत आणि ज्यांच्या एका होकारावर खाचर भाड्याने जाते किंवा पडीक राहते, ते माद्रिदमध्ये आणि मिलानमध्ये दुकान चालवत आहेत. त्यांना विचारायला आता फोन पुरतो. येत्या दहा वर्षांत हे खाचर कोणी राखावे असे तुम्हाला वाटते, आणि त्यासाठी तुम्ही त्याला वर्षाला काय द्यायला तयार आहात, हे दोन प्रश्न त्यांना विचारावेत आणि आलेली उत्तरे लाँगश्यानमध्ये पाणी राखणाऱ्या म्हाताऱ्याला वाचून दाखवावीत, म्हणजे पुढचा करार त्याला माहिती हाती घेऊन करता येईल.